आमची याल्झा पीत नाही

माझी भावजय याल्झा हिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला असता तर मी त्याची जीभ हासडली असती. आता ते जमायचं नाही. वाकडा शब्द डॉक्टरीणबाईंनी काढला, तोही माझ्या तोंडावर, आणि तो खरा निघाला.

मी डोरा, लोव्रोची थोरली बहीण. याल्झा लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा दारात मीच उभी होते आणि मनात म्हणाले होते, ही काडी द्राक्षमळ्यात किती टिकणार? टिकली. आम्हा सगळ्यांना पुरून उरली. झाग्रेबच्या वरच्या अंगाला, झागोर्येतल्या आमच्या टेकड्या अशा खड्या की फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चढताना गड्यांची दमछाक होते. ही चढायची आणि वर पोचून गाणं म्हणायची. गालांवर सदा लाली. पाद्रीबुवा म्हणायचे, "कष्टाच्या माणसाला देव कसा रंग देतो, बघायचं असेल तर आमच्या याल्झाकडे बघा." आणि आम्ही माना डोलवायचो.

माझा भाऊ लोव्रो सुतार. हातात कसब आणि घशात राकिया, आमची आलुबुखाराची कडक दारू. रोज प्यायचा नाही, पण एकदा बसला की दोन-तीन दिवस उठायचा नाही. मग याल्झा एकचाकी हातगाडी घेऊन जायची आणि त्याला तीत घालून घरी आणायची. गाव खिडक्यांतून बघायचं. "बिचारी!" म्हणायचं. मीही म्हणायचे. माझा सख्खा भाऊ असून मी तिची बाजू घ्यायचे, कारण ती स्वतः दारूला शिवत नसे. राकियाचा नुसता वास आला तरी नाक मुरडायची.

वाईन घ्यायची. पण वाईनला आमच्याकडे दारू म्हणतं कोण? दूध सुटलं की पोराच्या तोंडात वाईनमध्ये बुडवलेला पाव जातो. घरोघरी तळघरात पिंपं असतात आणि ओट्यावर जग भरलेला असतो, अर्धी वाईन आणि अर्धा सोडा. त्याला गेमिश्त म्हणतात. तहान लागली की गेमिश्त. पाणी बेडकांना. याल्झाचा निळा कथलाचा मग चुलीपाशी असायचा, धुणं धुताना दगडावर असायचा, मळ्यात वेलीच्या बुंध्याशी सावलीत असायचा. तो मग रिकामा कधी पाहिला नाही, आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं आमच्या टेकडीवर कोणाला वाटलंही नाही.

तिचा जीव की प्राण म्हणजे नात, तेना. मुलगी नेवेन्का शहरात शिवणकारखान्यात पाळीवर जाते, जावई परदेशी ट्रक चालवतो. म्हणून पाच वर्षांची तेना सकाळपासून आजीकडे. याल्झा तिला जुन्या लाल गाडीतून बालवाडीत सोडायची, आणायची, श्त्रुक्ली करून घालायची. पोरीला त्यातलं चीज तेवढं आवडायचं, वरची पोळी आजी खायची.

हिवाळ्यात एके दिवशी नेवेन्का लवकर आली तर घरात धूर. चुलीवरचं भांडं जळून काळं झालेलं, तेना टेबलाखाली खोकत बसलेली आणि लोव्रो बाकावर आडवा, तोंडाला राकियाचा भपकारा. याल्झाही आतल्या खोलीत झोपली होती. दमून झोपली असेल, कामं काय थोडी आहेत तिला! नेवेन्काने पोरीला कडेवर घेतलं आणि दारातून सांगितलं, "बाबा इस्पितळात जातील. तिथून सुटले की दारू सोडलेल्यांच्या क्लबात जातील, आणि आई, तूही त्यांच्याबरोबर जाशील. नाहीतर तेना ह्या घरात पाऊल टाकणार नाही."

लोव्रो मुकाट्याने झाग्रेबच्या इस्पितळात गेला. तिथले लोक सांगतात, दारू शरीरातून आम्ही काढतो, डोक्यातून काढायला घराजवळचा क्लब शोधा. बरे झालेले दारुडे दर आठवड्याला तिथे बायकामुलांसकट जमतात. एकट्याने यायचं नाही, हा त्यांचा नियम. तर नवरा परत यायच्या आत क्लब शोधायचं काम याल्झाकडे आलं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त तेना होती.

इस्पितळाने दिलेला पत्ता चपलांच्या बंद पडलेल्या कारखान्याचा निघाला. दाराला कुलूप, कुलपावर गंज. औषधाच्या दुकानात विचारलं तर बाई इकडेतिकडे बघून कुजबुजल्या, "असं मोठ्याने विचारू नये हो. लोकांना वाटेल तुमच्यासाठीच हवंय." ते ऐकून याल्झा घरी येईपर्यंत हसत होती. पाद्रीबुवांनी सगळं ऐकून घेतलं, उसासा टाकला आणि दोन पेले भरले. "आधी घसा ओला कर, मग बोलू." तिने केला. नाही म्हणणं बरं दिसतं का? मग बुवा म्हणाले, "असा क्लब आहे असं ऐकून आहे बाई, पण कुठे ते मला विचारू नकोस. ते माझ्याकडे येत नाहीत आणि मी त्यांच्याकडे जात नाही."

शेवटी ती चिडून शेजारच्या गावातल्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये गेली. आमच्याकडे आग क्वचित लागते, पण हॉलच्या खालच्या मजल्यावरचा बार कायम चालू असतो. लोव्रोला हातगाडीत घालून आणायचं ते तिथूनच. बार चालवणारी तेरेझिया पेले पुसत होती.

"आज तो नाही ग इथे," ती म्हणाली.

"माहितीय. मी दारू सोडलेल्यांचा क्लब शोधतेय. तुला विचारायलाही लाज वाटते."

तेरेझियाने फडक्यानेच छताकडे बोट केलं. "वर."

"वर तर मधमाशीवाल्यांची संघटना आहे!"

"दारावर तसं लिहिलंय खरं. वीस वर्षं जमतात. तुला कोणी कधी मधाची बाटली दिलीय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! याल्झाने मला हे सांगितलं तेव्हा मी धपकन खुर्चीत बसले. माझा भाऊ वीस वर्षं ज्या छताखाली पडेस्तोवर प्यायला, त्याच छतावर ती माणसं बसली होती. आणि वर जायचा जिना बारमधूनच.

लोव्रो घरी आला. वाळला होता आणि डोळे नितळ झाले होते. गुरुवारी आम्ही तिघं गेलो. माझं काय काम होतं? काही नाही. मला राहवलं नाही, एवढंच. वर गेलो आणि दारातच माझा आ वासला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर बायकोसह बसलेले. माझी दाढ काढणारा दंतवैद्य. तेरेझियाचा नवरा! हे सगळे इथे, आणि आम्ही त्यांना मध कसा निघाला म्हणून विचारायचो, नि तेही बेधडक म्हणायचे, यंदा कमी आला.

क्लबाचा प्रमुख इवेक, रेल्वेतून निवृत्त झालेला, भुवया झाडूसारख्या. त्याने लोव्रोला बोलतं केलं. लोव्रो घाम पुसत चार वाक्यं बोलला, लोकांनी मान डोलावली. मग इवेक याल्झाकडे वळला.

"आणि वहिनी, तुम्ही?"

"मी काय? मी पीत नाही."

"छान. आमच्याकडे घरातल्या कोणीच प्यायचं नसतं. घरात ठेवायचीही नसते. वाईन घेता का?"

"वाईन घेते की. वाईन कोण घेत नाही?"

"दिवसाकाठी किती?"

"मोजते काय मी? काम करताना तहान लागते." खोलीत कोणी हसलं नाही, पण मी हसले. इवेक मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हता. "वहिनी, एक सांगू? तुम्ही एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा, ते सांगतील तसं कमी करा. एकदम सोडलं तर अंगावर येतं."

याल्झा ताठ झाली. मी तिला इतकी लाल कधी पाहिली नव्हती. "मला डॉक्टर? दादा, तुमची गल्लत होतेय. माणूस हा आणलाय मी." तिने लोव्रोच्या खांद्यावर असा हात ठेवला जसा बाजारात गाईच्या पाठीवर ठेवतात.

इवेकने मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही, ताई?"

"मी वेगळ्या घरात राहते," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

परत येताना ती फणफणत होती. "ऐकलंस ना, डोराताई? मला म्हणे डॉक्टर! बघच आता. उद्यापासून थेंब नाही. पिंपं देऊन टाकते, माझा निळा मगसुद्धा तूच ठेव. ह्या लोकांना कळू दे, कोण पितं आणि कोण नाही."

"दाखवच त्यांना!" मी म्हणाले. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? वाईनच तर आहे.

पिंपं शेजाऱ्यांनी एका दुपारी नेली. अशा कामाला आमचे शेजारी फार तत्पर. नेवेन्काला कळलं, आईबाबा दोघेही क्लबात जातात, घरात थेंब नाही, तेव्हा ती रडली आणि दुसऱ्या दिवशी तेनाला घेऊन आली. याल्झाने पोरीला असं कवटाळलं की तिची टोपी पडली. तिचे हात थरथरत होते. आनंदाने, आम्ही म्हणालो. कपाळावर घाम होता. चुलीपाशी उभी आहे ना, आम्ही म्हणालो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं ती सांगत होती, आणि मी तिला कॅमोमाइलचा काढा करून दिला. शहाणी मी!

त्यानंतरच्या सकाळी मी शेजारीच, माझ्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तेना कुंपणातून आली, एका पायात चप्पल. पोर रडत नव्हती. फार गंभीर होती.

"डोराआजी, आजी कोंबड्या हाकलतेय."

"हाकलू दे ग. घाण करतात मेल्या."

"पण कोंबड्या नाहीयेत."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि हातातली ओली चादर मातीत पडली. मी धावले. स्वयंपाकघरात याल्झा केस मोकळे सोडून, झाडू घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत पळत होती. "शूऽ! शूऽ! डोराताई, दार लाव, बघ किती घुसल्यात, टेबलावर चढल्यात!" टेबलावर तेनाचा दुधाचा पेला होता. दुसरं काही नव्हतं. मी तिचा हात धरला तर नुसता हातच हालत नव्हता, पूर्ण अंग आतून हालत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. तीस वर्षं माझी भावजय असलेली बाई माझ्याकडे बघत होती आणि मी तिला कोणीतरी परकी बाई होते. मग तिचे डोळे वर गेले आणि ती ओंडक्यासारखी कोसळली.

मी किंचाळले. फक्त किंचाळत राहिले, दुसरं काही सुचेना. लोव्रो कारखान्यातून, म्हणजे मागच्या पडवीतून, रंधा हातात घेऊनच धावत आला. एक नजर टाकली, रंधा फेकला, खाली बसून तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला कोट दिला.

"ताई, ओरडू नकोस. अँब्युलन्स बोलाव. सांग, दारू एकदम बंद केलीय, झटके येतायत. असंच सांग."

"दारू? अरे, याल्झा! ही याल्झा आहे!"

"ताई, माझ्या शेजारच्या खाटेवर हेच झालं होतं. मी पाहिलंय. फोन कर!"

माझ्या दारुड्या भावाने मला हुकूम सोडला आणि मी मुकाट्याने ऐकला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "रोज किती पितात ह्या?"

"काही पीत नाही! अहो, नवरा पितो, हा बघा, हा! तुम्ही चुकीच्या माणसाला धरलंत."

"वाईन?"

"वाईन पिते." माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. "सोडा घालून," मी घाईघाईने म्हणाले.

"सकाळपासून?"

मी त्या निळ्या मगाचा विचार केला. चुलीपाशी, दगडावर, वेलीच्या बुंध्याशी. गालांवरची लाली. टेकडी चढून गाणं. मला एकदम घेरी आली आणि डॉक्टरीणबाईंनी मलाच खुर्ची दिली. "बाई, ह्यांना जबर व्यसन आहे," त्या म्हणाल्या, "फार वर्षांचं. वेळेवर आणलंत म्हणून वाचतील." आम्ही देवमाणूस म्हणून जिच्याकडे बोट दाखवत होतो ती ही, आणि आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही! दिसणार कसं? तिला दारुडी म्हणायचं तर टेकडीवर उरतं कोण?

नेवेन्का कारखान्याच्या एप्रनवरच आली. बाहेरच्या बाकावर बापलेक बसले, मी समोर, तेना माझ्या मांडीवर झोपलेली. लोव्रो जमिनीकडे बघून म्हणाला, "नेवेन्का, त्या दिवशी भांडं मी चुलीवर ठेवलं नव्हतं. मी आलो तेव्हा धूर होताच. मी खिडकी उघडली आणि तिथेच आडवा झालो."

नेवेन्काचा चेहरा पांढराफटक. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कोणी खरं मानलं असतं? आणि खरं सांगू का, मलाच खात्री नव्हती. मला वाटलं, मीच असणार. नेहमी मीच असतो ना."

नेवेन्काचे ओठ हलत होते. ती काय मोजत होती ते मला कळत होतं: रोज सकाळी ती लाल गाडी, पुढच्या सीटवर आजी, मागे तेना, आणि वळणावळणाचा उताराचा रस्ता. इतकी वर्षं तिने पोरीला बापापासून जपलं आणि आईच्या हवाली केलं.

याल्झा शुद्धीवर आली ती बरेच दिवस गेल्यावर. ओठ फुटलेले, आवाज खोल गेलेला. गाल पांढरे होते. मी तिला पांढऱ्या गालांची पहिल्यांदाच पाहिली आणि तीच खरी याल्झा असेल, तर मला तिची ओळखही नव्हती. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. तेनाने आजीच्या उशीवर फुटलेलं पाटीपेन्सिलीचं डबडं ठेवलं, भेट म्हणून. याल्झाने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मग नेवेन्काकडे पाहिलं.

"हिला माझ्याकडे ठेवू नकोस," ती म्हणाली.

"आई, आता कशाला ते—"

"ऐक. मला तो धूर आठवतो. तुला वाटलं मी दमून झोपले. मलाही तेच वाटायचं." तिचा आवाज फाटला. "दमणं कुठलं आणि पिणं कुठलं, हे मला कळेपर्यंत नको ठेवूस. मला कळलं की मी सांगेन तुला." आणि जिच्यासाठी तिने टेकड्या पालथ्या घातल्या होत्या त्या पोरीचा हात तिने स्वतःच सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी आमच्या घरात तीन मरणं पाहिली आहेत, पण त्या क्षणी मला जसं रडू आलं तसं कधी आलं नव्हतं.

बाहेर आलो. नेवेन्काची दुसरी पाळी होती, रजा संपल्या होत्या, आणि तेनाला कुठेतरी ठेवायचं होतंच. मी डोळे पुसले, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाले, "आण तिला इकडे. मी नेते. आत्या कशाला आहे?"

नेवेन्काने माझ्याकडे निरखून पाहिलं. तशी ती माझ्याकडे कधी बघत नाही.

"आत्या, तू जेवून आलीस?"

"मग काय, उपाशी येऊ?"

"जेवणाबरोबर काय घेतलंस?"

"काय घेणार? नेहमीचंच. दोन गे—"

शब्द तोंडातच राहिला. मला राग आला, भयंकर राग आला, इतका की कानशिलं तापली. मला विचारते? मला? आणि हे मी मनात म्हणतच होते तेव्हा मला कळलं की हे शब्द मी ऐकलेले आहेत, त्या गुरुवारी, मधमाशीवाल्यांच्या खोलीत, दुसऱ्या एका ताठ मानेच्या बाईच्या तोंडून.

नेवेन्काने हात पुढे केला. आवाज चढवला नाही की काही सुनावलं नाही. मी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

मग ती बापाकडे वळली. तिला ते जड गेलं, हे सगळ्यांना दिसलं. "बाबा, तुम्ही तेनाला बसने घरी न्याल का? मी पाळी संपली की येते."

लोव्रो पार घाबरला. दोन्ही हात मागे नेले. "मी? एकट्याने? नेवेन्का, इवेकदादाला तरी विचारू दे..."

"तुम्हालाच विचारतेय."

तेनाने तोवर त्याचं बोट धरलंही होतं. बस आली तेव्हा तो आधी नातीला वर चढवून बसवून आला, मग खाली उतरून त्याने मला हाताला धरून चढवलं, आणि चालकाकडून आम्हां दोघींचीही तिकिटं काढली.